बाकी

मोतीबागेच्या वर्कशॉपात बाबांच्या हाती
पस्तीस वर्षं एकच लोखंडी पट्टी होती.
एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला मिलिमीटर,
आणि मधे अंगठ्यानं घासून घासून
उथळ झालेली एक जागा,
जिला कुठलंच माप नव्हतं.

इंचाचे आठ सूत, हे मला बाराखडीच्या आधी आलं.
एक सूत म्हणजे तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश,
हे चौथीत, फुटाण्याच्या पुडीच्या कागदावर.
"सव्वातीन म्हणू का, बाबा?"
"म्हण. अन् मग डबा घसरला
की तूच उचल."

छोटी लाइन अडीच फुटांची.
तीस इंच गुणिले पंचवीस पूर्णांक चार:
सातशे बासष्ट. पुढं काही नाही.
हे उत्तर आलं की बाबा त्याच्याखाली
दोन रेघा ओढायचे,
जेवून तृप्त उठल्यासारखे.

मोठी लाइन साडेपाच फुटांची.
सोळाशे शहात्तर, वर चार दशांश.
पुस्तकात ते चार दशांश नाहीत.
"काहून नाहीत?"
"साहेबानं सोडून दिले."
"मग गेले कुठं?"
बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं,
जसे काही ते रुळाच्या कडेनं
इतवारीकडे चालत निघाले असतील.

बाबा स्वतः साडेपाच फूट. नेमके.
डोमाजी निखारे, फिटर:
ब्रॉडगेजएवढा माणूस, नॅरोगेजवर नोकरीला,
असं सांगून ते स्वतःच हसायचे.
आई हसायची नाही.
इतवारीत लुगडं घेताना दुकानदार
"सव्वाआठ मीटर" म्हणाला, तशी ती पायरी उतरली.
"दोन सेंटिमीटर जास्तच आहे नं, बाई!"
तो मागून ओरडला.
जास्तीचं तिला नकोच होतं.
तिला नऊ वार हवे होते.

नागभीडची लाइन उखडली, तेव्हा
पेपरात शब्द होता: रूपांतर.
बाबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
रूपांतरात लांबी तीच राहते,
नाव तेवढं बदलतं,
असं त्यांनीच मला शिकवलेलं.
इथं तर लांबीच ट्रकात घालून नेली होती.
जिचा भाग पुरता जायचा, ती गेली.
जिच्यात काही उरायचं, ती राहिली.
त्या दिवशी ते एवढंच बोलले,
आणि मग भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

मी मेट्रोत रूळ तपासते. चौदाशे पस्तीस.
म्हणजे चार फूट साडेआठ इंच,
एक दशांश सोडून दिलेला.
यंत्राचा हिरवा दिवा लागतो, मी सही करते.
आता सोडून देणारी मी.
बाबांना एकदा झिरो माइल स्टेशनवर नेलं.
म्हटलं, बघा, शून्य मैल म्हणजे शून्य किलोमीटर,
इथं गुणाकारच नाही.
"सोपंच असते," ते म्हणाले,
"काही नसलं की."

परवा मेडिकलमध्ये नर्सनं त्यांना भिंतीला टेकवलं
आणि कार्डावर लिहिलं: एकशे त्रेसष्ट.
घरी येईपर्यंत ते ऑटोत गप्प.
मग ओसरीवर बसून, कार्डाच्याच पाठीवर,
पाच फूट चार इंच एक सूत, वर थोडं.
साडेपाचातून वजा.
"एक इंच सहा सूत," ते म्हणाले, "अन् वर जरा."
"सोडून द्या नं, बाबा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
साहेबाकडे पाहायचे तसं.

तेवढ्यात फाटकाशी सायकल थांबवून
समोरचे बुरडे ओरडले,
"काय निखारेजी! बाकी काय?"
बाबांनी कानावरची पेन्सिल काढली.
"थांबा," म्हणाले,
"काढून राहिलो."